वऱ्हाडचा संघ कोणता?

अमरावतीचा एखादा मुलगा बुद्धिबळाच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तर त्याच्या नावापुढे ‘महाराष्ट्र’ असे लिहिले जाते. तोच मुलगा रणजी करंडकात उतरला, तर तो ‘विदर्भा’चा असतो. खो-खोच्या मैदानावरही विदर्भाचा संघ निराळा. घर एक, शाळा एक, पण खेळ बदलला की प्रांत बदलतो. एकट्या महाराष्ट्र राज्यातून आजही रणजीत तीन संघ उतरतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. हे कोड नियमपुस्तिकेत सुटत नाही. त्यासाठी वऱ्हाडचा नकाशा कोणी, केव्हा आणि कशासाठी आखला, हे पाहावे लागते.

प्रदेशाच्या नावाने संघ उभा करण्याची रीत इंग्लंडातून आली. तेथील ‘काउंटी’ म्हणजे ढोबळ मानाने आपला जिल्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरे, ससेक्स, मिडलसेक्स, यॉर्कशायर या काउंट्यांचे क्रिकेट संघ नावारूपाला आले आणि त्यांच्या पाठोपाठ बुद्धिबळाचेही. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी, स्वस्त झालेला रेल्वेप्रवास आणि भाड्याने घेतलेले एखादे सभागृह एवढ्या भांडवलावर दोन काउंट्यांचे खेळाडू समोरासमोर बसत. पट डझनावारी मांडलेले असत. प्रत्येक पटाचा निकाल वेगळा, पण बेरीज काउंटीच्या नावावर. १८९२ मध्ये दक्षिणेकडील काउंट्यांचा बुद्धिबळ संघ स्थापन झाला, १९०४ मध्ये ब्रिटिश बुद्धिबळ महासंघ आला आणि १९०८ पासून काउंट्यांची अजिंक्यपद स्पर्धा नियमित खेळली जाऊ लागली. कारकून, शिक्षक, धर्मोपदेशक अशी साधी माणसे आपल्या काउंटीसाठी एकेका प्याद्यावर तासन्‌तास झुंजत.

या साऱ्यात एक प्रश्न पहिल्यापासून होता. अमुक खेळाडू अमुक काउंटीचा, हे ठरवायचे कसे? क्रिकेटने १८७३ मध्ये त्याचे उत्तर दिले: जन्माची काउंटी किंवा वास्तव्याची काउंटी, यांपैकी एक निवडा, एकाच हंगामात दोन्हींकडून खेळता येणार नाही. प्रदेश ही खेळाडूची ओळख झाली, ती येथून.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. १९६५ मध्ये मिडलसेक्स ही काउंटी प्रशासनाने मोडीत काढली आणि तिचा बहुतेक भाग बृहन्‌लंडनमध्ये विरून गेला. क्रिकेटचा मिडलसेक्स मात्र लॉर्ड्‌सवर खेळतच राहिला. बुद्धिबळाचाही राहिला. सरकारी दप्तरातून गेलेला प्रदेश गुणफलकावर टिकून राहिला. वऱ्हाडची गोष्ट याच जातीची आहे, फक्त तिला वळणे अधिक आहेत.

वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. काळी कसदार जमीन आणि तीत पिकणारा कापूस. या कापसावरच इंग्रजांची नजर होती. हैदराबादच्या निजामाकडे कंपनी सरकारच्या फौजेचा खर्च थकला होता. त्याच्या फेडीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली आले. कारभार इंग्रजांचा, पण मुलूख कायद्याने निजामाचाच. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खानाकडून वऱ्हाड सालिना २५ लाख रुपयांवर कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. भाड्याने घेतलेला प्रांत! घर भाड्याने घेतात, शेत खंडाने घेतात. येथे लाखो माणसांसह अख्खा मुलूख घेतला गेला.

१९३६ मध्ये नवा करार झाला. त्यात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. अमरावतीचा कारभार नागपूरहून चाले, किताब हैदराबादेत मिरवला जाई आणि कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जाई.

अशा मुलखाने स्वतःला कोण समजावे? राजकारणात उत्तर स्पष्ट होते. काँग्रेसचे १८९७ चे अधिवेशन अमरावतीत भरले होते. दादासाहेब खापर्ड्यांसारखा टिळकांचा खंदा सहकारी याच गावचा. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने भाषेच्या पायावर प्रांतिक समित्या रचल्या, तेव्हा नागपूरकडील मराठी मध्य प्रांताची समिती वेगळी आणि वऱ्हाडची वेगळी झाली. काँग्रेसच्या नकाशावर वऱ्हाड हा स्वतंत्र प्रांत होता. क्रिकेटच्या नकाशावर तो कधीच झाला नाही.

त्याचे कारण समजण्यासाठी रणजीपूर्वीचे क्रिकेट पाहिले पाहिजे. तेव्हा भारतात सर्वांत मानाची स्पर्धा होती मुंबईची चौरंगी. तिच्यात प्रदेश नव्हतेच, होते धर्म. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. १९३७ मध्ये उरलेल्यांचा एक संघ घेऊन ती पंचरंगी झाली. कराची, लाहोर आणि नागपूर येथेही याच धर्तीवर सामने होत. तेथे अमरावतीच्या हिंदू खेळाडूची ओळख ‘हिंदू’ एवढीच. १९४० मध्ये गांधीजींनी अशा जमातवार खेळाविरुद्ध मत दिले. स्पर्धा बंद पडायला १९४६ उजाडले.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले होते. त्याने १९३४ मध्ये धर्माऐवजी प्रदेश हा पाया धरून रणजी करंडक सुरू केला. करंडक पतियाळाच्या महाराजा भूपिंदर सिंगांनी दिला. पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासच्या चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि तो एकाच दिवसात आटोपला. काउंट्यांचा साचा भारतात आला, तो असा.

पण साचा भरायचा कशाने? इंग्लंडात शतकानुशतकांच्या काउंट्या होत्या. येथे होते इंग्रजांचे प्रांत, संस्थानिकांच्या गाद्या आणि काही नुसत्या कल्पना. सगळेच आत घेतले गेले. म्हणून रणजीत ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ १९३४ पासून आहे. महाराष्ट्र राज्य यायला अजून २६ वर्षे होती. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा करंडक जिंकला, तेव्हा महाराष्ट्र हा प्रदेश सरकारी नकाशावर कोठेही नव्हता. हा महाराष्ट्र मुख्यतः पुणे आणि भोवतालचा. वऱ्हाड त्यात नव्हते. वऱ्हाडच्या वाट्याला आला इंग्रजी प्रांताचे जोडनाव धारण करणारा संघ: ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’. निजामाच्या हैदराबादचा संघ अर्थातच निराळा. म्हणजे ज्या राजाचा मुलूख, त्याच्या संघात मुलखातील माणसे नाहीत, आणि ज्या संघात माणसे, त्याचे सरकार त्या मुलखाचे भाडेकरू.

हा संघ दुबळाच राहिला. करंडक त्याच्या जवळपासही आला नाही. दोष खेळाडूंचा म्हणावा, तर एक उदाहरण आडवे येते. कोट्टारी कनकय्या नायडू, अर्थात सी. के., ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मले आणि तेथेच क्रिकेट शिकले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा केल्या आणि १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व केले. पण तोवर ते नागपूरचे राहिले नव्हते. १९२३ मध्येच होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले होते. रणजीत ते आधी मध्य भारताकडून आणि मग होळकर संघाकडून खेळले. होळकरांनी १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा करंडक नेला. संस्थानिक खेळाडूला फौजेत हुद्दा देत, पगार देत. प्रांताचे सरकार काहीच देत नसे. जन्म आणि वास्तव्याचा काउंटी नियम येथे दरबाराच्या दारात गळून पडला.

वऱ्हाडपुरते बोलायचे तर नागपूरही दूर होते. अमरावतीहून सुमारे १५० किलोमीटर, अकोल्याहून सुमारे २५०. अकोला मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने बरे. अमरावतीकराला आधी बडनेरा गाठावे लागे. ससेक्सचा कारकून शनिवारी दुपारी निघून रात्री घरी परतत असे. अकोल्याच्या कारकुनाला निवड चाचणीसाठी रजा काढावी लागली असती. मैदान, मंडळ, निवड समिती सारे नागपुरात. ‘बेरार’ संघाच्या नावात शेवटी येई, आणि बहुतेक वेळा विचारातही.

याचा अर्थ वऱ्हाडात खेळ नव्हता, असा मुळीच नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा उभा केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. क्रांतिकारक राजगुरूंनी येथेच व्यायामाचे धडे घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे हुतूतू आणि अन्य देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. यावरून ‘हुतूतू बर्लिनला ऑलिंपिकचा प्रदर्शनीय खेळ होता’ असे हल्ली सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. त्या वर्षी अधिकृत प्रदर्शनीय प्रकार होते बेसबॉल आणि ग्लायडिंग. पण अमरावतीचे तरुण स्वतःच्या संस्थेच्या नावाने बर्लिनपर्यंत पोहोचले, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही. स्वतःच्या नावाचा क्रिकेट संघ नसलेल्या गावाने आखाड्याच्या नावावर तो प्रवास केला.

स्वातंत्र्यानंतर नकाशे भराभर बदलले आणि संघ त्यांच्यामागे धावू लागले. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूर. लगोलग संघाचेही नाव मध्य प्रदेश झाले आणि ‘बेरार’ हा शब्द गुणफलकावरून कायमचा उतरला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. वऱ्हाडचे लोकनायक बापूजी अणे त्या मागणीचे खंदे पुरस्कर्ते होते. दुसऱ्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राची हाक होती. १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार हे दोन्ही प्रवाहांना एकत्र बांधण्याचे प्रयत्न होते. अखेर शिफारस मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले.

क्रिकेटने मात्र आयोगाचे ऐकले, असे म्हणावे लागते. १९५७-५८ च्या हंगामात ‘विदर्भ’ हा संघ रणजीत उतरला. राज्य झाले नाही, संघ झाला. आणि ‘मध्य प्रदेश’ हे नाव इंदूरकडे, म्हणजे होळकरांच्या वारसांकडे गेले. हे ध्यानात न घेता जुनी गुणपत्रके वाचली, तर १९५० ते १९५६ मधला नागपूरचा ‘मध्य प्रदेश’ आणि नंतरचा इंदूरचा ‘मध्य प्रदेश’ एकच समजण्याची चूक हमखास होते.

त्यानंतरची ६० वर्षे विदर्भ हरण्यासाठीच ओळखला गेला. मग २०१७-१८ चा हंगाम आला. कोलकात्यात उपान्त्य सामन्यात बलाढ्य कर्नाटक ५ धावांनी हरले; रजनीश गुरबानीने अखेरच्या डावात ७ बळी घेतले. अंतिम सामना दिल्लीविरुद्ध, आणि मैदान इंदूरचे होळकर स्टेडियम. नागपूरच्या नायडूंना ज्या दरबाराने नेले, त्याच्याच नावाच्या मैदानावर नागपूरचा संघ करंडकासाठी उभा होता. गुरबानीने त्रिक्रम साधला, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैझ फझलच्या संघाने ९ गडी राखून विजय मिळवला. त्या सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीत पदार्पण केले. वय १९. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता, म्हणून जागा रिकामी होती.

२०१८-१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर तो तिसऱ्यांदा आला. विदर्भाला पहिल्या दोन विजयांपर्यंत नेणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्यांच्याच हाताखाली २०२२ मध्ये इंदूरवाल्या मध्य प्रदेशानेही मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला.

अकोल्याचा अथर्व तायडे आज विदर्भाच्या डावाची सुरुवात करतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेष भारताविरुद्ध इराणी करंडकात त्याने शतक काढले. अमरावतीचा जितेश शर्मा २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताकडून खेळला. विदर्भासाठी दहा-एक वर्षे खेळल्यावर २०२५ मध्ये त्याने संघ बदलला. नवा संघ बडोदा: १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालेल्या गायकवाडांच्या संस्थानाचा, आज गुजरातेत असूनही गुजरातहून वेगळा खेळणारा.