घरातली मारहाण: तक्रार कुठे करायची, मदत कोणाची घ्यायची

बपेरा हे तुमसर तालुक्यातलं, मध्यप्रदेशच्या सीमेवरचं गाव. इकडच्या मुली बालाघाटकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. मारहाणीचं प्रकरण निघालं की घरचे आधी विचारतात, "केस कोणत्या राज्यात?" कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005, कलम 27 मध्ये याचं उत्तर साफ आहे. बाई सध्या जिथे राहते, मग ते तात्पुरतं माहेर का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. म्हणजे बालाघाटहून बपेऱ्याला परत आलेली मुलगी तुमसरच्या कोर्टात जाऊ शकते.

हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे आणि सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. "आमचा पर्सनल लॉ वेगळा" ही सबब इथे चालत नाही. शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणं, घराबाहेर काढणं हेही यात येतं. कोर्ट संरक्षण, राहायला जागा, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतं. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे पण सांगून ठेवते.

मग फरक कशाने पडतो? 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजसेविका पोलिसांच्याच इमारतीत बसते. आधी बाईचं पूर्ण ऐकते, तिला काय पाहिजे ते विचारते, नंतर नवऱ्याला बोलावते. बोलते समाजसेविका, पण पोलीस शेजारीच आहेत हे त्यालाही दिसतं. पुढे असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले. बांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधलं 'दिलासा' केंद्रही असंच. "जिन्यावरून पडले" म्हणणाऱ्या बाईला तिथे बाजूला नेऊन विचारलं जातं.

आपल्याकडे मात्र आधी जमातीची बैठक बसते. बसू द्या. पण नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर बाईला "बोल, काय झालं" विचारलं तर ती काय बोलणार? तिचं आधी वेगळं ऐका. मुलांकडे पाहून सबर कर, असं तिला सांगू नका. रात्रभर जागलेली ती मुलं सकाळी माझ्या वर्गात बेंचवर डोकं ठेवून झोपतात. समझोता झालाच तर तो लेखी करा, आणि त्यात पहिली ओळ हात न उचलण्याची असावी. बैठकीत काहीही ठरलं तरी कोर्टात जायचा तिचा हक्क संपत नाही.

महिला हेल्पलाइन 181, तातडीला 112. उत्पन्न कितीही असो, बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दवाखान्यात गेल्यावर जखम कशाने झाली ते खरं सांगा आणि तो कागद जपून ठेवा.