काळ्या नदीचा मासा, काळ्या पाषाणाचे पाणी

दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेले पाणी उकळले की भांड्याच्या तळाशी पांढरट थर धरतो, हे विदर्भातील कोणत्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा परिसरही याच पाषाणावर वसलेला. तिथल्या दिवाणखान्यात कोणी डिस्कस मासा पाळायचे मनात आणले, तर त्याच्यासमोर पहिला प्रश्न हा पांढरा थर उभा करतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी ॲमेझॉनच्या खोऱ्यात जावे लागते.

योहान नाटेरर हा ऑस्ट्रियाचा निसर्गसंग्राहक १८१७ मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि तब्बल अठरा वर्षे तिथे राहिला. रिओ नेग्रो, म्हणजे शब्दशः ‘काळी नदी’, हिच्या पाण्यातून त्याने थाळीसारखा चपटा, गोल मासा मिळवला. व्हिएन्नाच्या संग्रहातील त्या नमुन्यावरून योहान याकोब हेकेल याने १८४० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले : सिम्फिसोडॉन डिस्कस. तीनच वर्षांनी नाटेरर वारला. पुढे १८४८च्या क्रांतीत व्हिएन्नाच्या राजवाड्याला लागलेल्या आगीत त्याच्या टिपणवह्या भस्मसात झाल्या. मासा कोणत्या पाण्यात, कसा राहतो याविषयी त्याने जे टिपले असेल, ते बहुधा त्या आगीतच गेले. शास्त्राच्या हाती उरला तो मृत नमुना.

रिओ नेग्रोचे पाणी काळ्या चहासारखे दिसते. कुजत्या पालापाचोळ्यातील आम्ले त्यात उतरलेली असतात, क्षार जवळजवळ नसतात; पीएच ४ ते ५च्या आसपास. म्हणजे उकळले तरी भांड्याला थर न धरणारे पाणी! हा मासा तिथे घडला, आणि माणसाने त्याला नळाच्या पाण्यात आणून सोडले.

घरात मासे पाळणे ही कल्पना मात्र आपल्याकडे अगदीच परकी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळाने मासे धरण्याची रीत असा तपशील त्यात येतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत माशांना देवाचे मानून खाऊ घालण्याची प्रथा तर आजही चालू आहे. पण हे सारे नदी आणि डोहातले मासे. त्यांचे पाणी निसर्ग सांभाळत होता. काचेच्या पेटीतील पाणी माणसाने सांभाळायचे, हा विचार युरोपात १८५०च्या सुमारास रुजला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले. मुंबईकरांना तसा अनुभव १९५१ मध्ये मिळाला. तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले.

डिस्कस १९३०च्या दशकात पाश्चात्त्य हौशी मंडळींच्या टाक्यांत दिसू लागला, पण त्याची पैदास साधेना. एंजलफिश या त्याच्या नातलगाची अंडी आई-बापांपासून वेगळी काढून वाढवण्याची रीत तेव्हा रूढ होती, कारण पालकच अंडी खातात ही भीती. तोच शहाणपणा डिस्कसवर चालवला गेला. अंडी फुटत, पिले पोहू लागत आणि काही दिवसांत उपाशी मरत. समोर बारीक खाद्य असूनही!

कारण पिलांचे खाद्य पाण्यात नव्हतेच, ते आई-बापांच्या अंगावर होते. डिस्कसच्या त्वचेतून पाझरणारा चिकट स्राव हाच पिलांचा पहिला आहार. नर आणि मादी दोघेही तो देतात. डब्ल्यू. एच. हिल्डेमन याने १९५९ मध्ये ही गोष्ट शास्त्रीय नियतकालिकात मांडली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यात आणखी भर घातली : पिले असण्याच्या काळात स्रावातील प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पालक पिलांना हुलकावणी देत थोडे थोडे दूर पोहू लागतात. थोडक्यात, दूध तोडतात. पिले वाचवण्यासाठी त्यांना पालकांपासून तोडणाऱ्यांनीच त्यांना मारले होते.

पुढे जर्मनीत एदुआर्द श्मिट-फोके आणि अमेरिकेत जॅक वॉटली यांच्या हातून निवडक रंगांचे वंश तयार झाले. नंतर पेनांग, बँकॉक, सिंगापूर येथील शेतांनी हा मासा जगभर पोहोचवला. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेले हे डिस्कस त्यांच्या पूर्वजांपेक्षा बरेच सोशिक आहेत. थोड्या जड पाण्यातही ते जगतात. फुलसावंगीला दिलासा इथे मिळतो, पण तो अर्धाच.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि उबदार, तितका त्याचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. ३० अंश तापमानाला पीएच ६.५ असेल तर तो भाग जेमतेम पाव टक्का. पीएच ८ झाला की सुमारे ७ टक्के. डिस्कसला तर २८ ते ३० अंशांचीच ऊब लागते. म्हणजे जी चूक रिओ नेग्रोसारख्या पाण्यात खपून जाईल, ती कूपनलिकेच्या पाण्यात जिवावर बेतते. फिल्टरमधील जिवाणू हा अमोनिया पचवतात; ते रुजायला काही आठवडे लागतात आणि प्राणवायूवाचून ते मरतात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात हा मासा पाळणे किती अवघड होते, याची कल्पना एवढ्यावरून यावी : पंप बंद, आणि हिवाळ्याच्या रात्री हीटरही बंद.

जाणकारांचा उपाय यंत्रापेक्षा सवयीचा आहे. खाद्य कमी, उरलेले लगेच काढायचे, पाणी वारंवार थोडे थोडे बदलायचे, तेही त्याच तापमानाचे. मासा काळवंडून कोपऱ्यात उभा राहिला, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी झाली, तर औषधाच्या बाटलीआधी पाणी तपासायचे.

अंड्यांचा प्रश्न मात्र उरतोच. जड पाण्यात प्रौढ डिस्कस सुखाने राहतो, जोडी जुळते, अंडीही घातली जातात. पण ती सहसा पांढरी पडतात. त्यासाठी मऊ पाणीच हवे. एक वाट आरओ यंत्राची, दुसरी मृगाची : पहिल्या दोनचार सरींनी छप्पर धुऊन निघाले की स्वच्छ पिंपात साठवायचे पावसाचे पाणी. क्षार नसलेले, भांड्याला थर न धरणारे.