‘नियत वयोमान’ : एक टिपण

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी निफाड येथे झाला. 16 जानेवारी 1901 रोजी, एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले असता, मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदावर असतानाच ते निवर्तले. महाराष्ट्राच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांनी सर्वसाधारण कर्मचाऱ्याचे ‘नियत वयोमान’ 58 ठरविले. तो दंडक रानड्यांस लाविला असता, तर ते वर्षभर आधीच निवृत्त ठरते. चतुर्थ श्रेणीस त्याच नियमांनी 60 वर्षे दिली. केंद्राने 1962 मध्ये 55 चे 58 केले, 1998 मध्ये 58 चे 60. जे असे वारंवार हलते, त्यास ‘नियत’ म्हणावयाचे ही कार्यालयीन मराठीची एक गंमतच.

जुन्या वर्षासनास वयाची अट नसे. 1818 नंतर दुसऱ्या बाजीरावास मिळू लागलेले सालीना आठ लक्षांचे पेन्शनही वयावर अवलंबून नव्हते. वयाचा आकडा आला तो पगारी नोकरीबरोबर. राज्यातील कर्मचारी संघटनांनी तो 60 करावा अशी मागणी केली. आयुर्मान वाढले असल्यामुळे ती गैरवाजवी नाही. परंतु तिचा क्रम दुसरा लागावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण निफाडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या मजुरास निवृत्तीच नाही. श्रावणबाळ योजनेतील निराधारांच्या साहाय्यालाही शासन ‘निवृत्तिवेतन’च म्हणते, आणि तेथील वयाची अट आहे 65.