एक गीत, तीन श्रवणे

नोकरीच्या निमित्ताने परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कचेरीतील समारंभांत ‘जन गण मन’साठी सावधान उभे राहण्याची सवय झालेली असते. त्या ५२ सेकंदांत अर्थाचा विचार सहसा मनात येत नाही. तथापि या गीताच्या अर्थावरून जो वाद झाला, त्याचे मूळ शब्दांइतकेच श्रोत्यांतही शोधावे लागते.

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांनी बंगालची फाळणी रद्द केल्याचे घोषित केले. त्याच महिन्यात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि २७ तारखेस तेथे रवींद्रनाथांचे हे गीत प्रथम गायिले गेले. त्याच दिवशी सम्राटांचे आभार मानणारा ठराव झाला व त्यांच्या गौरवाचे दुसरे एक हिंदी गीतही म्हटले गेले. गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी दोहोंची गल्लत करून, रवींद्रनाथांनी सम्राटाच्या स्वागतार्थ गीत रचले, असे छापले.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१२ मध्ये, तेच गीत ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त ‘भारतविधाता’ या नावाने ब्रह्मसंगीत म्हणून प्रसिद्ध झाले आणि ब्राह्मसमाजाच्या माघोत्सवात उपासनेत गायिले गेले. मंडपात ते देशगीत होते, वृत्तपत्रांत राजस्तुती झाले, उपासनामंदिरात ईशस्तवन ठरले. शब्द मात्र तेच होते.

१९३७ मध्ये एका पत्रात कवीने खुलासा केला. सरकारदरबारी वजन असलेल्या एका स्नेह्याने राजस्तुतीपर गीत मागितले होते. त्या मागणीने मन क्षुब्ध झाले आणि त्या क्षोभातूनच भारताच्या भाग्यविधात्याचा हा जयघोष जन्मास आला. युगायुगांचा सारथी कोणी जॉर्ज असूच शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

शेवटच्या कडव्यात ‘राजेश्वर’ हा शब्द येतो, हे खरे. परंतु विठ्ठलास ‘पंढरीचा राणा’ म्हणणाऱ्या मराठी कानाला त्यात सिंहासनावरचा राजाच दिसावा असे नाही. रवींद्रनाथांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. परप्रांतातील त्या अधिकाऱ्याने तुकोबांचे अभंग बंगालीत नेले होते. देवाला राजा म्हणण्याची ही रीत ठाकुरांच्या घरास अपरिचित नव्हती.

२४ जानेवारी १९५० रोजी हे गीत राष्ट्रगीत ठरले, पण गायिले जाते ते केवळ पहिले कडवे. सारथ्याचे रूपक तिसऱ्या कडव्यात आहे आणि चौथ्यात त्याच विधात्यास स्नेहमयी माता म्हटले आहे. म्हणजे संशयाचे निरसन करणारा पुरावाच आपल्या कानांवर पडत नाही. जुना आक्षेप पुनःपुन्हा डोके वर काढतो, त्याचे एक कारण हे असावे. म्हणून उभे राहून ऐकलेले हे गीत एकदा बसून, पाचही कडव्यांसह, वाचावे. निकाल देण्यापूर्वी सर्व कागद पाहावेत, हा तर आपल्या कचेरीचाच नियम आहे.