जपानचीं काष्ठचित्रें

१७६५ सालीं येदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, कांहीं समुराई व धनिक रसिकांना एक नवा छंद जडला. पंचांगें छापण्याचा हक्क ठराविक परवानेदारांकडेच होता. तेव्हां या मंडळींनीं वर्षांतील तीस व एकोणतीस दिवसांचे महिने एखाद्या स्त्रीच्या वस्त्रावरील नक्षींत दडवून तीं चित्रें एकमेकांस भेट देण्याचा प्रघात पाडला. खर्चाची फिकीर नव्हती. त्यामुळेंच सुझुकी हारुनोबू या चित्रकाराचीं, अनेक रंगांचे ठसे एकावर एक उमटविलेलीं चित्रें निघालीं. त्यांस ‘निशिकि-ए’, म्हणजे किनखापी चित्रें, असें नांव पडलें.

प्रकाशकानें पैसा घालावा, चित्रकारानें रेखाटावें, कोरणाऱ्यानें कोरावें व छापणाऱ्यानें छापावें, असें हें चौघांचें काम. चित्रकाराचा पातळ कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटवून त्याच्यासकट लांकूड कोरीत. मूळ चित्र त्यांत नाहींसें होई! मग रंगागणिक निराळा ठसा. प्रत्येकावर कागद टेकविण्याच्या दोन खुणा, एक कोपऱ्याशीं व एक बाजूस. त्या केसभर चुकल्या कीं ओठांचा रंग गालावर गेलाच. यंत्र मुळींच नाहीं. पाण्यांतला रंग व तांदळाची खळ फळीवर फांसावयाची, तुतीच्या कुळांतील झाडाच्या सालीचा ओलसर कागद वर ठेवावयाचा आणि बांबूच्या पापुद्र्यानें मढविलेल्या चकतीनें पाठीवरून घोटावयाचें. होकुसाईच्या फूजी पर्वताच्या चित्रांतील निळें आकाश हळूहळू फिकट होत जातें, ती किमया छापणाऱ्याच्या हाताची. निळा रंग मात्र बर्लिनमध्यें शोधलेला. त्या मालेचें नांव छत्तीस देखावे, पण चित्रें भरलीं ४६.

सरकारची नजर कडक होती. १७९० पासून तपासनिसाची मोहोर आवश्यक झाली. ज्याच्या घराण्याची सत्ता तोकुगावांनीं घेतली, त्या हिदेयोशीचीं चित्रें काढल्याबद्दल १८०४ सालीं उतामारोच्या हातांत बेड्या पडल्या. १८४२ सालीं नट व गणिका यांचीं चित्रेंच बंद झालीं. शिक्षा व कीर्ति दोन्ही चित्रकाराच्या वांट्यास अधिक. कोरणाऱ्याचें नांव चित्रावर क्वचितच आढळतें, हा अन्यायच होय.

विसाव्या शतकांत योशिदा हिरोशी यानें कोरणें-छापणें स्वतः शिकून घेतलें. १९३० सालीं तो मुलासह हिंदुस्थानांत आला, आणि अजिंठा-वेरूळचीं लेणीं पुढें चेरीच्या फळ्यांवर उतरलीं. त्याच्या चित्रांच्या कडेला ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेलें, अशी मोहोर असते. वस्तुतः छापण्याचें काम बहुधा त्याच्या देखरेखीखालीं कारागीरच करीत.