रातचा भुंगा आंधळा असतो का?

हा आजच्या एपिसोडचा मजकूर, ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.

मे महिन्यात आजऱ्याला घरी होतो. रात्री लाईट गेली, अमावस्या जवळ आलेली. अंगणात दोरीवर बहिणीची ओढणी वाळत होती. डोळ्यांना ती राखाडी दिसत होती, झाड राखाडी, भिंतही राखाडी. मी फोन काढला, नाईट मोड लावला, तीन सेकंद हात हलू दिला नाही. फोटोत ओढणी चक्क पिवळी!

लाईट आली तसा एक भुंगा घरात शिरला आणि बल्बवर धडाधड आपटायला लागला. आमच्या घराच्या वाशांना भुंग्यांनी पाडलेली गोल भोकं आहेत, त्यामुळे हा पाहुणा नेहमीचाच. आज्जी म्हणाली, "रातचा भुंगा आंधळा असतोय बाबा. म्हणून दिव्यावर आपटतोय."

आता गंमत ऐका. साधारण शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका मोठ्या नेत्रतज्ज्ञाचं लॉजिक आज्जीसारखंच होतं. त्याचं नाव कार्ल फॉन हेस. त्याने अंधारात मधमाश्यांना वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश दाखवले. माश्या रंग न बघता सगळ्यात उजळ प्रकाशाकडे धावल्या. निष्कर्ष काय, तर मधमाशीला रंग दिसत नाहीत.

हे कार्ल फॉन फ्रिश नावाच्या तरुणाला पटेना. त्याचं म्हणणं, कोंडलेली माशी सुटायची वाट शोधत असते, तेव्हा ती रंग कशाला बघेल? रंग विचारायचा तर ती जेवायला आलेली असताना विचारा. त्याने टेबलावर करड्या रंगाचे फिक्यापासून गडदपर्यंत बरेच कागद मांडले, मध्ये एक निळा. निळ्यावर साखरपाण्याची बशी. माश्यांना सवय लागल्यावर कागदांच्या जागा बदलल्या आणि सगळीकडे स्वच्छ रिकाम्या बश्या ठेवल्या. माश्या निळ्यावरच आल्या. माशीला रंग दिसत नसता, तर तितक्याच उजळ एखाद्या करड्या कागदावर ती फसली असती. मी दिवसभर टेस्ट केस लिहितो, पण इतकी साधी आणि इतकी पक्की टेस्ट केस मला अजून सुचलेली नाही. हे १९१४ मध्ये छापून आलं. त्याच टेस्टमध्ये लाल कागदावर मात्र माश्या फसल्या, त्यांना तो गडद करड्यासारखाच.

पुढे १९४१ मध्ये नाझी सरकारने त्याच्या आईकडच्या आजीचं मूळ ज्यू असल्याचं काढलं आणि म्युनिकमधली त्याची प्राध्यापकी जायची वेळ आली. वाचवलं कुणी? मधमाश्यांच्या एका रोगाने. नोसेमाने लाखो पोळी मरत होती, युद्धात अन्नाची चणचण होती, आणि माश्या कळणारा माणूस हवा होता. बडतर्फी युद्ध संपेपर्यंत पुढे ढकलली. नंतरच्या काही वर्षांत त्याने मधमाश्यांच्या नाचातली दिशा आणि अंतराची भाषा उलगडली. १९७३ मध्ये नोबेल मिळालं. लोकांना हा नाचच आठवतो. मला विचाराल तर खरी कमाल त्या करड्या कागदांची.

कारण ती टेस्ट अजून चालू आहे. २००२ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात आल्मुट केल्बर आणि सहकाऱ्यांनी पतंगांना करड्या फुलांमधून रंगीत नकली फुलं निवडायला लावली, तीही चांदण्यांच्या उजेडात. पतंगांनी अचूक निवडली! आपल्याला रंग कळणं तर अर्ध्या चंद्राच्या आसपासच्या उजेडातच बंद होतं.

आणि मग ही गोष्ट आपल्या सह्याद्रीत येते. पुणे जिल्ह्यातलं भीमाशंकर, शेकरूचं अभयारण्य. तिथे हेमा सोमनाथन आणि बंगळूरच्या रेनी बॉर्जिस यांनी केल्बर आणि एरिक वॉरंट यांच्यासोबत लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांवर काम केलं. त्यातली झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही जात अमावस्येलाही उडते. घरट्याच्या तोंडाशी रंगीत खूण लावली, ती भुंग्याच्या अंगवळणी पडू दिली आणि मग खुणेची जागा बदलली. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात भुंगा रंग ओळखून खुणेकडे गेला. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. विशेष म्हणजे या भुंग्याचे डोळे दिवसा उडणाऱ्या माश्यांच्याच घडणीचे आहेत, फक्त त्यातली भिंगं मोठी. आणि तो उजेड भर उन्हाच्या जवळपास दहा कोटी पट कमी!

वॉरंटच्या मते रात्रीच्या कीटकांचा मेंदू शेजारच्या भिंगांतले आणि थोड्या वेळातले संकेत एकत्र जोडतो. थोडी बारीक नक्षी हरवते, पण चित्र उजळतं. ओळखीचं वाटतंय ना? तीन सेकंद हात हलू नका म्हणणारा तुमचा फोनही साधारण हेच करतो. लुंडच्या गणितज्ञांनी तर कीटकांची ही युक्ती घेऊन अंधारातल्या व्हिडिओसाठी अल्गोरिदम लिहिला, टोयोटाच्या मदतीने.

आज्जीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग दिव्यावर का आपटतोय?" मी म्हटलं, घरात अडकलाय गं, रंग बघायच्या मूडमध्ये नाही. तिने उठून लाईट घालवली आणि दार उघडलं. दोन मिनिटांत घूं घूं बाहेर गेली.

यंदा बाबा पोखरलेले वासे बदलणार आहेत. जुने जाळायचे नाहीत, गोठ्याच्या आडोशाला ठेवायचे, एवढं मी कबूल करून घेतलंय.