सागाचे तेल आणि सरस: एका जोडाचा इतिहास

मुंबईच्या गोदीत बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. ते आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. मलबारी सागाच्या या टिकाऊपणामागे त्यातील तेलकट द्रव्यांचा मोठा वाटा आहे. ती लाकडाला कूज आणि वाळवीपासून वाचवतात.

मात्र हाच गुण जोडकामात दोष ठरतो. चिकटद्रव्य आधी पृष्ठभागावर पसरून लाकडाच्या छिद्रांत शिरावे लागते. तेलकट पृष्ठभागावर ते पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होते.

जहाजबांधणीत ही अडचण आली नाही, कारण तेथे फळ्या खिळे व बोल्टांनी जोडत. त्या काळचा प्राणिज सरस ओलाव्यात सुटे, म्हणून तो फर्निचरपुरताच होता. पहिल्या महायुद्धात लाकडी विमाने आली आणि जोडाच्या बळावर माणसाचा जीव अवलंबून राहू लागला. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० साली स्थापन झालेल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेने चिकटद्रव्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. तेथील टी. आर. ट्रुअक्स यांची लाकूड चिकटवण्यावरील पुस्तिका १९२९ साली निघाली. चिकटण्यास कठीण लाकडांवर कॉस्टिक सोड्याचे सुमारे १० टक्के द्रावण लावून ते पुसून घेण्याची रीत त्या काळी सुचवली गेली. १९४० च्या दशकात रिसॉर्सिनॉल व एपॉक्सी रेझिने आली. चिकटद्रव्ये सुधारली, पण पृष्ठभागाच्या तयारीची गरज संपली नाही.

आजची रीत अशी:

१. धारदार रंध्याने ताजा पृष्ठभाग काढावा. बोथट पात्याने तंतू चेपले जातात.
२. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. फडके वारंवार बदलावे, नाहीतर तेल नुसते इकडून तिकडे पसरते. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही असल्याने खोली हवेशीर असावी आणि जवळ आग नसावी.
३. अ‍ॅसिटोन उडून जाताच, शक्यतो त्याच दिवशी, जोड दाबात बसवावा. उशीर केल्यास आतील तेल पुन्हा वर येते.

तयारी जमली का, हे पाण्याचा थेंब सांगतो: तो पसरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा रंधा मारावा. जोड तोडून पाहताना लाकडाचे तंतू फाटले तर जोड उत्तम. चिकटद्रव्याचा थर गुळगुळीत सुटला तर दोष बहुधा पृष्ठभागाच्या तयारीत असतो.

विचार करा: दोनशे वर्षे जहाज टिकवणारा गुण कार्यशाळेत दोष का ठरतो?